एकाच परिसराचे बारा महिने

महाराष्ट्रातील वन्यजीव छायाचित्रणाचा विषय निघाला की ताडोब्याचे वाघ किंवा भिगवणचे रोहित पक्षी यांचीच चर्चा प्रथम होते. परंतु शेताचा बांध, विहिरीचा काठ, गावाबाहेरचे गायरान किंवा अंगणातील कढीपत्त्याचे झाड यांसारखी एकच जागा निवडून तेथील कीटक, कोळी आणि पक्षी सर्व ऋतूंत टिपत राहण्याचीही एक पद्धत आहे, आणि दूरच्या सफरीत लाभलेल्या एखाद्या उत्कृष्ट छायाचित्रापेक्षा तिच्यातून हाती येणारी माहिती पुष्कळदा अधिक मोलाची असते. जीव कसा दिसतो एवढेच नव्हे, तर तो केव्हा प्रकटतो, कशावर जगतो आणि कधी दिसेनासा होतो, हेही अशा चित्रमालिकेत आपोआप नोंदले जाते.

या नोंदींचा आरंभ मृग नक्षत्रापासून करणे सोयीचे ठरते. पहिल्या सरींनंतर ओलसर जमिनीवर लाल मखमली अंगाचा मृगाचा किडा थोडे दिवस वावरतो आणि नंतर जमिनीत नाहीसा होतो. लोकव्यवहारात त्याला किडा म्हणतात खरे, पण जवळून घेतलेल्या छायाचित्रात त्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात, कारण तो कीटक नसून कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील माइट आहे. नुसत्या डोळ्यांना सहजी न दिसणारा असा तपशील पकडण्यासाठी मॅक्रो छायाचित्रणाचा उपयोग होतो. या प्रकारात विशिष्ट लेन्सच्या साहाय्याने लहान वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात, पाडली जाते. मात्र वस्तू जितकी मोठी करून घ्यावी तितका प्रतिमेतील स्पष्ट भाग, ज्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, अरुंद होत जातो. १:१ प्रमाणात अपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ/१६ इतके लहान केले तरी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो आणि वाऱ्याची झुळूक आली की तोही हातचा जातो. म्हणूनच कीटकाचे संपूर्ण शरीर स्पष्ट यावे हा हट्ट सोडून डोळ्यांवर फोकस साधणे, कॅमेरा त्याच्या शरीराला समांतर धरणे आणि फ्लॅशचा प्रकाश पांढऱ्या कागदातून गाळून मऊ करणे, या तीन गोष्टींवर अभ्यासकांचा भर असतो. कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असल्याने पहाटेच्या गारव्यात ते मंद असतात, तेव्हा हे काम त्या मानाने सुकर होते. काही जण कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात आणि मग पानावर मांडतात. अशा छायाचित्रातून त्या जिवाचे वर्तन कळत नाही, छायाचित्रकाराची घाई मात्र कळते.

ऋतुमानाचा परिणाम एकाच जातीच्या अंगावर कसा उमटतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॉमन ईव्हनिंग ब्राउन हे तपकिरी फुलपाखरू. याची अळी भातासारख्या गवतवर्गीय वनस्पतींवर वाढते आणि प्रौढ फुलपाखरू संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात उडते. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या हंगामातील पिढीत हे ठिपके जवळजवळ नाहीसे होऊन पंख वाळक्या पानासारखे दिसतात आणि दोन फुलपाखरांची रंगसंगतीही सहसा जुळत नाही. भक्षकाची चोच शरीराऐवजी पंखाच्या कडेकडे वळवण्यास ठिपके उपयोगी पडतात, तर पाचोळ्यात निपचित बसणाऱ्या पिढीला ठिपक्यांपेक्षा दडून राहणेच हिताचे असते, असे या बदलाचे स्पष्टीकरण दिले जाते. ऑगस्ट आणि जानेवारीतील दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला त्या दोन निराळ्या जाती वाटतात.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या झाडीत जायंट वुड स्पायडर या कोळ्याची जाळी पायवाटांवर आडवी येऊ लागतात. तिरक्या उन्हात त्यांचे धागे सोनेरी चमकतात. जाळ्याच्या मध्यभागी बसलेली मादी बोटाच्या पेराहून लांब असू शकते आणि नर तिच्यापुढे इतका लहान असतो की अनेकांना तो तिचे पिल्लू किंवा भक्ष्य वाटतो. बारकाईने पाहिल्यास त्याच जाळ्यात चंदेरी पोटाचे आणखी काही चिमुकले कोळी आढळतात; ते दुसऱ्याच जातीचे असून मादीच्या जाळ्यात अडकलेल्या बारीक भक्ष्यावर डल्ला मारून जगतात. त्यामुळे केवळ मादीचे जवळून छायाचित्र न घेता संपूर्ण जाळ्याचे आणि ते ज्या दोन झाडांना बांधले आहे त्यांचेही छायाचित्र घेणे आवश्यक असते. इतर अनेक कोळ्यांच्या बाबतीत अचूक जात ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननांगे तपासावी लागतात आणि छायाचित्रावरून कुळ किंवा प्रजाती यापलीकडे जाता येत नाही. तरीही प्रत्येक चित्राखाली जातीचे नाव छापण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

याच काळात विहिरीवर झुकलेल्या बाभळींवर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजलेली असते. घरटे विणण्याचे काम नर करतो. ते अर्धवट, टोपीच्या आकाराचे झाले की मादी येऊन पाहणी करते आणि तिने पसंत केले तरच तो खालची नळी विणून ते पूर्ण करतो. विहिरीच्या पलीकडच्या काठावरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सने, दर आठवड्याला त्याच जागेवरून चित्र घेतल्यास कोणती घरटी पुरी झाली आणि कोणती टोपीच्या अवस्थेतच सोडून दिली गेली, याचा सारा हिशेब मिळतो. इतर पक्ष्यांच्या घरट्यांजवळ जाणे मात्र टाळावे. चांगला कोन साधण्यासाठी आडवी फांदी छाटली की घरटे कावळा आणि भारद्वाज यांच्या नजरेस पडते.

तारीख आणि स्थळ यांची नोंद ठेवण्याचे महत्त्व पटवण्यास पावसाळ्यानंतर शेतांवर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर पुरेसा आहे. ग्लोब स्किमर नावाच्या या चतुराची पिल्ले पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतात. ज्या मालदीव बेटांवर गोड्या पाण्याचे साठे फारसे नाहीत, तेथे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर मोठ्या संख्येने कसे अवतरतात, याच्या अनेक वर्षांच्या तारखा चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांनी जमवल्या आणि २००९ मध्ये असे मांडले की, ते भारतातून निघून वाऱ्याच्या साहाय्याने हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड यांसारख्या सार्वजनिक नोंदकोशांत आज कोणालाही आपली छायाचित्रे तारीख व स्थळासह जमा करता येतात.

थंडीत धोबी, तुतवार आणि भोरड्यांचे थवे येतात, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर फुलल्यावर मधासाठी इतके पक्षी एकत्र येतात की एका झाडाखाली बसूनच सकाळ सार्थकी लागते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या पावसाबरोबर, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजवे चमकू लागतात. मिलनासाठी नर आणि मादी प्रकाशाच्या लुकलुकीनेच एकमेकांना ओळखत असल्यामुळे तेथे फ्लॅश आणि विजेरी दोन्ही वर्ज्य असतात. संपूर्ण झाड असंख्य ठिपक्यांनी भरून गेल्याची जी छायाचित्रे दरवर्षी प्रसिद्ध होतात, ती बहुधा तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याने ओळीने घेतलेल्या अनेक चित्रांचा संगणकावर केलेला एकत्रित थर असतात आणि त्यांत एकच काजवा अनेक ठिकाणी उमटलेला असू शकतो. काजव्यांच्या संख्येचा पुरावा म्हणून अशी चित्रे वापरता येत नाहीत. त्यांच्याखाली एकूण किती चित्रे जोडली आणि त्यांस किती वेळ लागला, हे लिहिलेले असलेच पाहिजे.