घरच्या व्हिडिओ फिती : निवड आणि सांभाळ

ज्या कुटुंबांत १९८० नंतरच्या दोन दशकांत मुंजी, लग्नें झालीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या माळ्यावर व्हिडिओच्या फिती आजही पडून असतील. आजोबांचें बोलणें, आजीचें चालणें, मंगलाष्टकें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आवाज हें सर्व त्यांतच आहे. अन्यत्र कोठेंही नाहीं. म्हणून त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जपानांत १९७६ सालीं निघालेल्या व्ही.एच.एस. पद्धतीच्या कॅसेटमध्यें अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी असते व तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप चिकट द्रव्यानें बसविलेला असतो. दमट हवेनें तें द्रव्य सैल पडतें व फितीवर पांढरी बुरशी धरते. कोंकणांतील व मुंबईंतील वाचकांस हें निराळें सांगावयास नको. तेव्हां न वापरतां ठेविलेली फीत जशीच्या तशी राहते, हा समज खरा नव्हे. यंत्रांचीही तीच गत. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलैंत व्ही.सी.आर. बनविणें थांबविलें, आणि त्यानंतर नवीं यंत्रें निघेनाशीं झालीं. म्हणून जुनें यंत्र चालतें आहे तोंवरच हें कार्य उरकावें.

प्रथम निवड करावी. चित्रपटांच्या फिती मागें ठेवाव्या. ते दुसरीकडे मिळतात. घरगुती फितींत सर्वांत जुनी ती आधीं घ्यावी. 'ई-१८०' कॅसेटवर तीन तासांचें चित्रण मावतें. अर्ध्या गतीनें सहा तासांचें मावतें खरें, परंतु चित्र फिकें उतरतें. अशा फितींसही अग्रक्रम द्यावा. अमेरिकेंतील आप्तांनीं पाठविलेल्या फिती बहुधा एन.टी.एस.सी. पद्धतीच्या व आपल्याकडील पाल पद्धतीच्या असतात. त्यांस दोन्ही पद्धती जाणणारें यंत्र लागतें.

आतां वापराविषयीं. कॅसेटच्या मागील कडेवरील चिमुकली पट्टी मोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें मुद्रण होत नाहीं. खिडकींतून बुरशी दिसल्यास ती कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये. जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी, नाहींतर बुरशी यंत्रांत शिरून पुढच्या फितीसही लागते. यंत्राची परीक्षा आधीं एखाद्या निरुपयोगी फितीवर करावी. मग मूळ फीत टोकापर्यंत गुंडाळून परत आणावी, व ती दाखवितांनाच संगणकावर तिची प्रत उतरवून घ्यावी. प्रती दोन कराव्या व दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. मूळ कॅसेट पुस्तकाप्रमाणें उभी, कोरड्या जागीं ठेवावी.

एक गोष्ट मात्र कोणतेंही यंत्र करणार नाहीं. चित्रांतील माणसें कोण, त्यांचें आपलें नातें काय, हें सांगणारीं वडील मंडळी अद्यापि आपल्यांत आहेत. प्रत उतरवितांना त्यांस शेजारीं बसवावें, आणि नांवें व सालें वहींत टिपून घ्यावीं. पुढील पिढीस त्या चित्रांतील माणसें ओळखतां येतील तीं त्या वहीवरूनच.