जवळच्या अंतरावरील रात्रीची राखण : थर्मल दुर्बीण की नाईट व्हिजन?

हिमायतनगर हे नाव पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात दोन ठिकाणी आढळते. एक हैदराबाद शहरातील गजबजलेली वस्ती, तर दुसरे नांदेड जिल्ह्यातील, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. शहरातील हिमायतनगरात रात्रीचा उपद्रव उंदीर-घुशींचा असतो. नांदेडकडील हिमायतनगरात तो रानडुकरांचा व रोह्यांचा. घुशीला इंग्रजीत जे नाव आहे ते तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून गेलेले आहे. एकाच नावाच्या या दोन गावांचे उपद्रवी प्राणी भाषेने असे जोडले जावेत, हा योगायोग मौजेचा म्हणावा लागेल.

दोन्ही ठिकाणी राखणदाराची अडचण एकच असते. प्राणी अंधारात येतो आणि तो अगदी जवळ, म्हणजे दहा ते साठ मीटरांच्या आत असतो. अलीकडे जागलीसाठी थर्मल दुर्बीण किंवा नाईट व्हिजन घेण्याकडे अनेकांचा कल दिसतो. ही साधने महाग असतात आणि त्यांची जाहिरात बहुधा लांब पल्ल्याच्या गुणांवर केलेली असते. जवळच्या कामास मात्र तेच गुण पुष्कळदा अडचणीचे ठरतात.

नाईट व्हिजनचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चांदण्याचा किंवा ताऱ्यांचा अंधुक प्रकाश एका नळीत हजारो पटींनी वाढवून हिरवट पडद्यावर दाखविला जातो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात १९६०च्या दशकात ही साधने प्रचारात आली. अशी नळी दिवसाच्या उजेडात उघडी राहिल्यास कायमची निकामी होण्याचा संभव असतो. दुसरा प्रकार डिजिटल. यात कॅमेऱ्यातील सिलिकॉनची चकती काम करते आणि तिला डोळ्यास न दिसणाऱ्या अवरक्त दिव्याची जोड लागते. हा दिवा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा असतो. पहिल्याचा फिकट लाल ठिपका समोरून दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही, परंतु त्याचा पल्ला कमी पडतो. जवळच्या राखणीत या दिव्याचा एक दोष विशेष जाणवतो. समोर ज्वारीची चार पाने आली तरी तीच पांढरीफेक उजळतात व मागील सर्व काही काळोखात जाते. दिव्याचा झोत रुंद व मंद करण्याची सोय नसेल, तर असे साधन शेतात निरुपयोगी समजावे.

थर्मल दुर्बिणीचे तत्त्व निराळे आहे. विल्यम हर्शेल याने १८०० साली अवरक्त किरणांचा शोध लावला. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेनुसार असे किरण बाहेर टाकीत असतो. थर्मल दुर्बीण त्यांपैकी ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी टिपते, त्यामुळे तिला प्रकाशाची मुळीच गरज भासत नाही. या लहरी काचेतून जात नसल्याने तिचे भिंग बहुधा जर्मेनियमचे करावे लागते, आणि बरीचशी किंमत त्यात असते. याच कारणाने जीपच्या काचेतून किंवा गोदामाच्या तावदानातून या दुर्बिणीने काहीही दिसत नाही. पानांआडचे दिसते हा समजही चुकीचा आहे. उभ्या उसात शिरलेले डुक्कर थर्मललाही दिसत नाही. पानांच्या फटींतून त्याचे तुकडे तेवढे दिसतात.

हवामानाचा परिणाम मोठा असतो. हिवाळ्यात हरभऱ्याच्या रानात प्राणी काजव्यासारखा उठून दिसतो. मे महिन्यात मात्र सूर्यास्तानंतर कितीतरी वेळ काळे दगड, बांध व पत्रे तापलेले राहतात आणि प्राणी त्यांत मिसळून जातो. अशा दिवसांत पहाटेपूर्वीची वेळ सर्वांत चांगली असते. मुसळधार पावसात व दाट धुक्यात चित्र फिके पडते. धान्याच्या गोदामात याच्या उलट स्थिती असते. थंड पोत्यांवरून पळणारा उंदीर लगेच नजरेत भरतो, त्याची ये-जा कोणत्या बिळातून होते हे कळते आणि सापळा वा आमिष नेमके कोठे ठेवावे हे ठरविता येते. शहरी वस्तीत या साधनाचा खरा उपयोग एवढाच. भिंतींमध्ये व माणसांच्या वर्दळीत बंदूक किंवा छर्‍याची बंदूक चालविण्याचा विचारही करू नये.

निवड करताना भिंगाच्या लांबीकडे प्रथम पाहावे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ थर्मल दुर्बिणींत ३८४ गुणिले २८८ बिंदूंची चकती असते व एका बिंदूची रुंदी १२ मायक्रॉन असते. अशा चकतीपुढे ३५ मि.मी. भिंग असेल तर २० मीटरांवर जेमतेम २.६ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. धावत्या डुकराला त्यात धरणे कठीणच. १० मि.मी. भिंगातून तोच पट्टा ९.२ मीटरांचा होतो, पण ५० मीटरांवर एक बिंदू ६ सें.मी. व्यापतो. म्हणजे खांद्याशी ७० सें.मी. उंच असलेल्या रानडुकराच्या वाट्यास बारा बिंदूही पुरते येत नाहीत. १९ मि.मी. भिंगाने हे प्रमाण बावीस बिंदूंवर जाते, आणि २० मीटरांवर सुमारे ४.८ मीटर रुंदी मिळते. साठ मीटरांच्या आतील कामास १५ ते १९ मि.मी. भिंग सर्वांत सोयीचे दिसते. दुर्बीण किती जवळच्या वस्तूवर स्पष्ट होते हेही विचारून घ्यावे. काही साधने दहा मीटरांच्या आत धूसरच राहतात.

बिंदूंचा हा हिशेब केवळ सोयीचा नाही. अमेरिकी लष्करासाठी जॉन जॉन्सन याने १९५८ साली मांडलेल्या निकषांनुसार, काहीतरी आहे एवढे कळण्यास लक्ष्याच्या लहान बाजूवर सुमारे २ बिंदू पुरतात, ते कोणत्या वर्गाचे आहे हे कळण्यास ८ लागतात आणि नक्की काय आहे हे ओळखण्यास १२ ते १३. पहिल्या व शेवटच्या पायरीतील अंतर म्हणजेच अपघाताचे अंतर होय. उकिडवे बसलेले माणूस, आडवे पडलेले वासरू आणि डुक्कर हे तिन्ही कमी बिंदूंच्या पडद्यावर पांढरे डागच असतात. चैत्रात पहाटेच मोहफुले वेचण्यास निघालेली माणसे किनवटकडील रानांत कोठेही असू शकतात. म्हणून थर्मलने शोधावे, ओळख नाईट व्हिजनने करावी आणि शंका उरल्यास साधी बॅटरी लावून खात्री करावी. बॅटरीने डुक्कर पळाले तर पीक वाचलेच.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून रानडुक्कर व रोही हे अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकास धोका असल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना दुर्बीण केवळ पाहण्यासाठी व हाकण्यासाठी वापरावी. परवाना असलेल्या नेमबाजाने बंदुकीवर दुर्बीण बसविल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दृष्टीची रेषा नळीच्या काही सेंटिमीटर वर असते, त्यामुळे लांब अंतरावर जुळविलेला नेम दहा मीटरांवर खाली लागतो. नेम कामाच्या अंतरावरच जुळवावा.

काही ठिकाणी हा सर्व खर्च टाळण्यासाठी कुंपणाच्या तारेत विजेच्या खांबावरून प्रवाह सोडला जातो. हा गुन्हा आहे; अशा तारेवर शेजारचा शेतकरी, त्याचे बैल आणि कधी स्वतः तार लावणाराही बळी पडतो. हैदराबादेत राजेंद्रनगर येथील कृषी विद्यापीठात उपद्रवी पृष्ठवंशीय प्राण्यांवर संशोधन चालते. पिकाभोवती काटेरी करडईच्या ओळी घेणे यांसारखे स्वस्त उपाय तेथून सुचविले गेले आहेत. सौर कुंपण व अशा ओळी यांच्या जोडीला गावात एक दुर्बीण सामाईक घेतली, तर खर्च विभागला जातो.

खरेदीपूर्वी साधन रात्रीच पाहावे. तीस मीटरांवर एक वासरू बांधावे, शेजारी एकास बसवावे आणि विक्रेत्याने काही न सांगता त्यातील माणूस कोणता हे ओळखता येते का ते तपासावे. घड्याळ लावून बॅटरी किती तास टिकते हेही पाहावे, कारण जागल पहाटेपर्यंतची असते.