लाल फुगा

२०१६ चा उन्हाळा. सायबर कॅफेतला पोरगा माउसने नकाशावरचा लाल फुगा ओढत होता. मागे उभ्या बाईच्या कॅरीबॅगेत मुलीचा जन्मदाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि नोंदणी केलेला भाडेकरार. चार घरची धुणीभांडी सांभाळून जमवलेले कागद. तिची गल्ली नकाशावर नव्हतीच. फुगा ओढ्यापलीकडे टेकला की शाळा एक किलोमीटरच्या बाहेर जायची, अलीकडे आणला की आत. "दादा, घर काय हलतंय होय?" ती म्हणाली.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, पण वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा खऱ्या अर्थाने हलल्या त्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये तरतूद वैध ठरवल्यावर. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट मिळाली. मग आपल्याकडे ऑनलाइन अर्ज, त्यात नकाशावर फुग्याने घर दाखवणं, लॉटरी, मोबाइलवर मेसेज. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. शंभर वर्षांत पारडं पुरतं फिरलं. पालक दाखल्यांची पिशवी घेऊन दारात, आणि सक्ती करावी लागते ती शाळांवर.

शाळांचीही रड खोटी नव्हती. सरकारने एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये परतावा ठरवला, तो वेळेवर मिळेना. त्याचा राग काही ठिकाणी मुलांवर निघाला. फी माफ, पण व्हॅन, सहल, गॅदरिंगचा भाड्याचा ड्रेस? ते घरच्यांनी बघायचं.

९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियमच फिरवला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून मोकळीक. शहरात अशी शाळा कुठे नसते? फुगा कुठेही टेकवा, खासगी शाळा सुटलीच. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या वाढावी हे मलाही वाटतं, पण त्यासाठी ही पळवाट कशाला? मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला.

त्या बाईच्या मुलीचा नंबर २०१६ लाच लागला होता. पहिलीपासून वर्ग चढत ती याच २०२४ च्या एप्रिलमध्ये आठवी पास झाली. कायद्याचं मोफत तिथवरच. जूनमध्ये बाई भेटली, हातात नववीच्या फीचा छापील कागद. आकडा तिने मला दाखवला नाही. हप्ते पाडून देतात का, एवढंच विचारलं.