टेरियरची किंमत कशावर ठरते?

ब्रिटनमध्ये प्रतिरूप रेल्वेचं नवं इंजिन बाजारात आलं की किमतीवरून कुरकुर ठरलेली: तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या इंजिनाला शंभर-शंभर पौंड कशाला मोजायचे? माझ्या मते हा पैसा प्लास्टिकचा नाहीच. तो पोलादी साच्यांचा आहे, आणि साच्यांचा खर्च किती गिऱ्हाइकांत वाटला जातो यावर किंमत ठरते. अभियंता विल्यम स्ट्राउडली यांचं 'टेरियर' हे छोटं वाफेचं इंजिन घ्या. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेसाठी 1872 ते 1880 या काळात अशी 50 इंजिनं बांधली गेली. 1:76 या 'डबल ओ' प्रमाणात त्याचं प्रतिरूप जेमतेम दहा सेंटिमीटर भरतं, पण मोटर, गिअर, डिजिटल नियंत्रणाच्या डिकोडरची जागा हे सगळं त्याच्या इवल्याशा पोटात बसवावं लागतं. त्यात 1911पासून बरीच टेरियर नव्या बॉयलरची झाली, पुढचा धूरकोष लांबला. मूळ पिवळसर रंगातलं इंजिन आणि ब्रिटिश रेल्वेच्या काळ्या रंगातलं इंजिन हवं असेल, तर नुसता रंग बदलून भागत नाही, साच्याचे वेगळे तुकडे कापावे लागतात. समजा, आराखडे आणि साचे मिळून दीड लाख पौंड लागले. सहा हजार नग खपले तर नगामागे 25 पौंड पडतात, दीड हजारच खपले तर 100. इंजिन लहान म्हणून साच्यांचा खर्च फारसा उतरत नाही.

किंमत उतरवली की खप वाढेल, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण इथला गिऱ्हाईक नुसतं 'इंजिन' घेत नाही; ठरावीक प्रदेशाचं, ठरावीक काळाचं इंजिन घेतो. स्कॉटलंडमधली डोंगरी लाइन मांडणारा माणूस निम्म्या किमतीतही टेरियर उचलेलच असं नाही. हॉर्नबी या प्रतिरूप-उत्पादक कंपनीची 'रेलरोड' ही स्वस्त श्रेणी चालते, कारण तिच्यात बरेच जुने, खर्च वसूल झालेले साचे पुन्हा वापरले जातात; नव्या साच्याला ती सवलत नाही. उत्पादन चीनला गेलं तरी भाव का चढले, असंही विचारतात. बारीक कठडे आणि नळ्या तिथेही हातानेच बसवतात, आणि तिथली मजुरी नव्वदच्या दशकातली राहिलेली नाही.

स्पर्धेचा मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. दुसरा उत्पादक असला की पहिल्याला ढिलाई परवडत नाही. तरीही टेरियरच्या बाबतीत काय झालं, ते पाहा. 2019च्या सुमारास हॉर्नबीचं एक टेरियर आणि रेल्स ऑफ शेफिल्ड या विक्रेत्याने डापोल या उत्पादकाकडून करवून घेतलेलं दुसरं, अशी दोन एकाच वेळी आली. गिऱ्हाईक तेच, साचे दोनदा कापलेले. इतक्या मर्यादित खपात दोन्ही खर्च शेवटी त्याच मंडळींच्या खिशातून निघणार. म्हणून उत्पादकांनी नवं इंजिन गुप्त ठेवण्याऐवजी साचा कापण्याआधी जाहीर करावं, आगाऊ पैसे न घेता नोंदणी करावी, आणि नोंदणी कमी पडली तर तो बेत सरळ सोडून द्यावा.