नेटकॅफेतला कोल्हा

बारावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियातल्या आणि नांदेडच्या भाग्यनगरातल्या नेटकॅफेंना श्वास घ्यायला फुरसत नसते. उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेडहून आलेले आईबाप कागदपत्रांची पिशवी मांडीवर धरून नंबर लागायची वाट बघतात. लातूरच्या अशाच एका दुकानात गेल्या हंगामात मी दुपारभर बसलो होतो. एक शेतकरी दोन्ही लेकींना घेऊन आले होते. दोघी एकाच वर्षी बारावी झालेल्या. मोठीचा प्रवेश अर्ज निम्मा भरून झाला आणि शेजारच्या टॅबमध्ये धाकटीचं लॉगिन केलं, तर मोठी बाहेर फेकली गेली.

"दादा, एकीचं उघडलं की दुसरीचं जायलंय कुठं?" वडील काळजीनं विचारू लागले.

कॅफेच्या चालकानं क्रोम खाली केला आणि फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर उघडला. एका टॅबवर निळी रेघ, दुसऱ्यावर केशरी. "आता दोघींना दोन खोल्या दिल्यात, काका. इकडचं तिकडं जात नाही."

या सोयीला कंटेनर म्हणतात. लॉगिन केलं की संकेतस्थळ आपली ओळखचिठ्ठी, म्हणजे कुकी, ब्राउझरकडे ठेवतं. एरवी सगळ्या टॅबच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात पडतात, म्हणून धाकटीची चिठ्ठी आली की मोठीची पुसली जाते. कंटेनर प्रत्येकाला वेगळा डबा देतो. फायरफॉक्सनं 2017 मध्ये ही सोय जोडणी (ॲड-ऑन) म्हणून सगळ्यांसाठी खुली केली. एका संगणकावर दिवसाला पन्नास माणसांची कामं उरकणाऱ्याला तिची किंमत विचारावी.

मराठी वाचकाचं आणि या ब्राउझरचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती 9 नोव्हेंबर 2004 रोजी आली. तेव्हा अनेक मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खासगी फाँटवर चालायची. तो फाँट आपोआप उतरवून घेण्याचं तंत्र इंटरनेट एक्सप्लोररपुरतं होतं. इतर ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसायचा. त्यावर 'पद्मा' नावाची जोडणी निघाली. ती या खासगी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून फायरफॉक्समध्ये वाचता येईल असा करायची.

युनिकोड मजकुरातही फायरफॉक्स तेव्हा निर्दोष नव्हता. परिच्छेद दोन्ही कडांना सारखा जुळवलेला असला की त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी मोडायची. वेलांट्या अक्षरापासून सुटायच्या, जोडाक्षरं फुटायची. 17 जून 2008 रोजी फायरफॉक्स 3 आला. एका दिवसात तो 80,02,530 वेळा उतरवून घेतला गेला आणि त्या विक्रमाची जगभर चर्चा झाली. मराठीसाठी मोठी गोष्ट वेगळीच होती. अक्षरं मांडण्याची यंत्रणाच नव्यानं बसवल्यामुळे देवनागरी नीट दिसू लागली. फायरफॉक्सची बटणं आणि मेनू मराठीतही मिळतात, तेही स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादामुळे.

नांदेडला वजिराबाद भागात झेरॉक्सच्या एका दुकानात या ब्राउझरचा दुसरा गुण दिसला. तिथला संगणक विंडोज 7 चा. मायक्रोसॉफ्टनं त्या प्रणालीचा सांभाळ जानेवारी 2020 मध्ये थांबवला. क्रोमची 109 ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. 2023 मध्ये निघालेल्या फायरफॉक्स 115 च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीनं मात्र या जुन्या यंत्रांना त्यानंतरही सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवल्या आणि त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. नवा संगणक घ्यायचा की मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची, हा प्रश्न असलेल्या दुकानदाराला हा मोठा आधार असतो.

आता उणिवा. त्या झाकून फायरफॉक्सचं भलं होणार नाही.

पहिली आणि सगळ्यात जाचक उणीव म्हणजे कित्येक संकेतस्थळं आज फक्त क्रोमवर तपासून सोडली जातात. अर्ज शेवटच्या पानापर्यंत जातो आणि 'सबमिट' दाबलं की चक्र फिरत राहतं. डिजिटल सहीचीही अडचण आहे. क्रोम विंडोजमधली प्रमाणपत्रं वापरतो, तर फायरफॉक्स आपला वेगळा गठ्ठा सांभाळत आला. नव्या आवृत्त्यांत हे बरंच सुधारलंय, तरी सहीच्या कामाला बसलेला माणूस आधी क्रोमच उघडतो.

दुसरी उणीव मराठीची. नव्या सोयी भराभर येतात, अनुवाद मागे राहतो आणि मराठी मेनूत मधूनच इंग्रजी ओळ डोकावते. तिसरी पैशाची. फायरफॉक्समागची मोझिला ही संस्था नफ्यासाठी चालत नाही, पण तिची मोठी कमाई गुगलला मुख्य शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येते. ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच पैशावर संसार. जगभरात शंभरातले दोन-तीनच जण आज हा ब्राउझर वापरतात.

मग त्याचं असणं महत्त्वाचं कशाला? कारण एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांची नावं निराळी असली तरी सगळ्यांच्या पोटात पान मांडून दाखवणारं इंजिन क्रोमचंच आहे. फायरफॉक्सचं गेको हे वेगळं इंजिन आहे. जिओफोनमधली कायओएस ही प्रणालीही मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसवरून घडली. गावागावांतल्या बटणाच्या फोनपर्यंत गेको त्या वाटेनं पोचलं.

'फक्त एक्सप्लोररमध्ये उघडा' ही सक्ती आपण भोगली आहे. एक्सप्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला आणि आता 'फक्त क्रोममध्ये उघडा' ही पाटी तिथे लागते आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी ते दोन वेगळ्या इंजिनांवर तपासूनच लोकांपुढे ठेवावं. अर्ज अडला की फटका ब्राउझरला बसत नाही, मुदत चुकलेल्या पोरीला बसतो. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलांनी फायरफॉक्सच्या मराठी अनुवादाला हात लावावा. ते काम कुणालाही घरबसल्या करता येतं.

त्या दुपारी धाकटीचा अर्ज फायरफॉक्समध्ये पूर्ण झाला. मोठीचा फोटो काही केल्या चढेना, तेव्हा चालकानं तो क्रोममध्ये चढवला. वडिलांनी दोन्ही पावत्या दोनदा वाचल्या, घडी घालून पिशवीत ठेवल्या. चालकानं निळा-केशरी दोन्ही टॅब बंद केले, दोघींची लॉगिनं पुसली आणि पुढच्या नंबराला हाक मारली. त्याच्या पडद्यावर क्रोम आणि फायरफॉक्स शेजारी शेजारीच असतात.