क्षितिज नसलेला समुद्र

समुद्रकिनाऱ्याचं चित्र म्हटलं की क्षितिजाची आडवी रेघ आलीच. वर आकाश, खाली पाणी आणि पाहणारा एका जागी उभा. पीटर लॅनियननं ती एक जागाच नाकारली. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये, सेंट आइव्ह्ज गावात तो १९१८ साली जन्मला आणि जन्मभर प्रामुख्यानं तोच मुलूख रंगवत राहिला. २०१०-११ मध्ये त्याच गावातल्या टेट संग्रहालयात त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. त्याची चित्रं सालवार पाहत गेलं की थक्क व्हायला होतं. हा माणूस आधी किनाऱ्यावर चालतो, मग खाणीत उतरतो आणि शेवटी थेट हवेत जातो.

१९५१ चं ‘पोर्थलेव्हन’ घ्या. उंची जवळपास अडीच मीटर, रुंदी त्याच्या निम्मी. पोर्थलेव्हन हे बंदराचं गाव. एरवी आडवं पसरलेलं बंदर इथे उभं केलंय. वरच्या बाजूला घड्याळाचा मनोरा ओळखू येतो. धक्का वरून दिसतो, घरं बाजूनं दिसतात. गावातून हिंडताना जे जे दिसत गेलं, ते सगळं एकदम समोर येतं. हे चित्र जमेना, म्हणून तो ते कित्येक महिने खरवडत होता. अखेर त्यानं त्या जागेच्या त्रिमितीय रचना करून पाहिल्या आणि मग चित्र काही तासांत उतरलं. ही युक्ती त्याला नाउम गाबोमुळे सापडली. युद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, हा शिल्पकार सेंट आइव्ह्जला आला होता आणि पारदर्शक प्लॅस्टिकमधून रिकामी जागाच घडवत होता.

१९५३ च्या ‘सेंट जस्ट’मध्ये मधोमध एक काळा उभा पट्टा आहे. तो खाणीचा कूपक. सेंट जस्ट गावाजवळच्याच लेव्हंट खाणीत १९१९ साली कामगारांना वर आणणारं यंत्र तुटून ३१ जण दगावले होते. हे ठाऊक झाल्यावर त्या काळ्या रंगाकडे नुसता रंग म्हणून पाहवत नाही.

१९५९ मध्ये तो ग्लायडर शिकू लागला. ग्लायडरला इंजिन नसतं, मग तो तरंगतो कशावर? समुद्रावरचा वारा कड्यावर आदळतो आणि वर वळतो, त्या झोतावर. शिवाय उन्हानं जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. जिथे जास्त तापते तिथली हवा हलकी होऊन वर चढते. भर दुपारी पंख न हलवता घार उंच जाते, ती याच हवेच्या जोरावर. या हवेला रंग नाही, कडा नाही, ती फक्त अंगाला जाणवते. १९६० च्या ‘थर्मल’मध्ये लॅनियननं तीच रंगवली. निळ्या, पांढऱ्या, करड्या रंगांचे फटकारे एकमेकांत घुसळतात. त्यात क्षितिज शोधू नये. गिरकी घेणाऱ्या ग्लायडरमधून ते स्थिर दिसणार तरी कसं? मला हे त्याच्या साऱ्या कामातलं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं. निसर्गचित्रात हवा बहुतेकदा अंतर दाखवण्यापुरती असते, इथे तीच चित्राचा विषय झाली.

ऑगस्ट १९६४ मध्ये ग्लायडरच्या अपघातानंतर तो गेला. वय अवघं ४६. त्याच वर्षीच्या ‘ग्लाइड पाथ’मध्ये त्यानं रंगांवर प्लॅस्टिकची नळी चिकटवली आहे, ग्लायडरची वाट म्हणून. गाबोच्या प्लॅस्टिकशी ओळख होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.