ईसीजीची पट्टी गाडीतच निघाली पाहिजे

माझे एक अशील तापीकाठच्या खेड्यातले. हमाली करायचे. एका पहाटे छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला. उजाडल्यावर जवळच्या दवाखान्यात नेले, तिथून ‘जळगावला न्या’ म्हणून वाटेला लावले. ईसीजी निघाला तो जळगावात, पाच तासांनी. माणूस वाचला, पण हृदयाचा बराच स्नायू मेला. आता पोते उचलवत नाही. याला नशीब म्हणायचे काय?

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते तेव्हा मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो. वैद्यकशास्त्र सांगते, पहिला वैद्यकीय संपर्क झाल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघावा. तो गाडीत किंवा आरोग्य केंद्रात निघाला आणि मोबाईलवरून तज्ज्ञाकडे गेला, तर पुढचा निर्णय वाटेतच होतो. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर थेट तिथे. नसेल तर, रक्तस्रावाचा धोका तपासून, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून धुळे किंवा जळगाव गाठायला किती वेळ लागतो, हे मी सांगायला नको. (पहिली पट्टी साधी आली तरी दुखणे थांबत नसेल तर पुन्हा काढावी लागते. बायकांत आणि मधुमेहींत कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो.)

हे स्वप्नरंजन नव्हे. तामिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात १०८ च्या गाड्यांत ईसीजी बसवून लहान रुग्णालये मोठ्यांशी जोडली. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये निवडक जिल्ह्यांत असा ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू केला.

आपली १०८ सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांत प्रगत गाड्या फक्त २३३, बाकी ७०४ प्राथमिक. आणि गाडीतल्या पडद्यावर हलणारी रेघ दाखवून कोणी समजूत घालू लागला तर फसू नका. झटक्याचे निदान करायला बारा लीडची पट्टी लागते.

कायदा काय म्हणतो? पश्चिम बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून त्याला परत पाठवले. त्याच्या मजूर संघटनेने सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, वेळेवर तातडीचे उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाअभावी ही जबाबदारी टाळता येणार नाही. रुग्णवाहिकेत पुरेशी साधने आणि वैद्यकीय कर्मचारी असावेत, हेही त्याच निकालात आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात ‘पुढे न्या’ ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हा निकाल असायला हवा.

म्हणून कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यातून माहिती अधिकाराचे अर्ज टाकावेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. जिल्हा शल्य चिकित्सकांना विचारा: जिल्ह्यातल्या किती रुग्णवाहिकांत बारा लीडचे ईसीजी यंत्र आहे? ते चालू आहे काय? पट्टी रात्री दोन वाजता कोण वाचतो? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे, आणि गेल्या वर्षभरात किती जणांना दिले? विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत तीस दिवस. आलेली उत्तरे जपून ठेवा, औरंगाबाद खंडपीठात जायची वेळ आली तर तीच कामी येतील.